खातं तिथेच राहू दे

आमच्या कॉलनीत बाबांकडे लोक हवामान खात्यासारखं बघायचे. बाबांनी भाजीवाल्याकडून जास्तीचे कांदे घेतले, की खालच्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीतून ओरडायच्या, "काय भाऊ, महागाई वाढणार वाटतं!" खरं तर नागपूरहून पाहुणे आलेले असायचे आणि आईने कांदे सांगितलेले असायचे. पण काकूंचं ऐकून पलीकडची पंजाबी आंटीही दोन किलो जास्त घ्यायची.

बाबा देशाच्या मध्यवर्ती बँकेत अधिकारी होते. आमच्याकडे तिला 'मोठी बँक' म्हणत. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातलं आमचं क्वार्टर आईच्या नोकरीवर मिळालेलं. आई मंत्रालयात, काकूही त्याच मंत्रालयात, दोघी रोज एकाच ऑटोने जायच्या. आजूबाजूला सगळे फायली हलवणारे लोक. त्यांच्यात बाबाच एकटे असे, ज्यांचं काम नेमकं काय ते कुणालाच सांगता आलं नसतं. काहींना वाटायचं बाबा नोटा छापतात. काहींना वाटायचं गृहकर्जाचं व्याज तेच ठरवतात.

"साहेब, इस बार ब्याज बढ़ेगा क्या?"

"टीव्ही लावा. त्या दिवशी मीपण टीव्हीवरच बघतो," बाबा म्हणायचे. तेही खरंच होतं. व्याजदर मुंबईत ठरायचे. बाबा दुसऱ्या खात्यात होते, लहान सहकारी बँकांची तपासणी करणाऱ्या. तिथे जायचं, कर्जं कुणाला दिलीत बघायचं, कागदावरचं आणि खरं यात किती अंतर आहे ते मोजायचं आणि परत येऊन कुणालाही काहीही सांगायचं नाही.

हे शेवटचं कलम आमच्या घरात भिंतीसारखं होतं. बाबा दौऱ्यावरून आले की आई विचारायची, जेवण कसं होतं, खोली बरी होती का. कुठल्या बँकेत गेला होतात, असं तिने कधीही विचारलं नाही. खूप नंतर मी तिला याबद्दल छेडलं, तेव्हा ती म्हणाली, "लग्नाच्या पहिल्या वर्षीच सोडलं मी विचारणं. उत्तर येत नाही म्हटल्यावर माणूस किती वेळा विचारणार?"

मला मात्र ते आवडायचं. मी मुळातच कमी बोलणारी. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, घरात मराठी, आणि तिन्हीकडे मी उत्तर देण्याआधी इतका विचार करायचे की प्रश्न पुढे निघून जायचा. काकू म्हणायच्या, "हिच्या तोंडाला बापाने बँकेची तिजोरी लावलीय." सगळे हसायचे. मला मनातून बरं वाटायचं. मी बाबांसारखी आहे असा त्याचा अर्थ होता.

नववीत शाळेत मध्यवर्ती बँकेवर प्रोजेक्ट होता. मी पुस्तकातलं लिहून काढलं होतं: नोटा काढणे, सरकारचे पैसे सांभाळणे, बँकांची बँक. बाबांनी वाचलं आणि शंभराची नोट माझ्या हातात दिली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वेगवेगळ्या भाषांची पट्टी असते, तिच्यातली मराठी ओळ शोधायला लावली. मग म्हणाले, "हा कागद छापणं सोपं आहे गं. अवघड काय आहे सांगू? सगळ्या लोकांना एकाच दिवशी एकाच बँकेत जावंसं वाटू नये, हे अवघड आहे. कुठलीच बँक सगळ्यांचे पैसे एकदम देऊ शकत नाही. तुम्ही ठेवलेले पैसे तिने कुणाला तरी घरासाठी, दुकानासाठी दिलेले असतात. लोक शांत आहेत तोवर बँक आहे."

"आणि लोक शांत कसे राहतात?"

"आम्ही शांत राहतो म्हणून."

मी ते वाक्य इंग्रजीत करून प्रोजेक्टच्या शेवटी लिहिलं. टीचरने बाजूला लाल पेनने 'गुड' लिहिलं होतं.

आमच्या भागात एक छोटी सहकारी बँक होती. सरोजिनी नगरच्या मार्केटकडे जाताना, पडदे शिवणाऱ्या दुकानाच्या वर. सरकारी कर्मचाऱ्यांनीच कधीकाळी काढलेली. तिथल्या कॅशियरला सगळ्यांची मुलं कितवीत आहेत ते माहीत असायचं. आईने माझं खातं मी लहान असताना तिथे उघडलं होतं, आणि नोएडातल्या एका शालेय पुस्तकांच्या प्रकाशनात मला नोकरी लागली तेव्हा पगारही तिथेच जमा होऊ लागला.

पण त्या बँकेचं अ‍ॅप फारच वाईट होतं. मेट्रोत उभं राहून पैसे पाठवायला गेलं की गोल गोल फिरत बसायचं. ऑफिसातल्या मुली हसायच्या, "यार, तुझी बँक म्युझियममध्ये ठेव." एका संध्याकाळी मी जेवताना सहज म्हटलं, की मी खातं बंद करून एखाद्या मोठ्या बँकेत जाते.

बाबा भात कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "राहू दे."

"अ‍ॅप चालत नाही बाबा."

"खातं तिथेच राहू दे. सध्या."

बाबा मला क्वचितच काही सांगायचे, त्यामुळे जे सांगायचे ते मी पाळायचे. मला वाटलं, बाबांचा त्या बँकेवर जीव आहे. आपल्या लोकांची बँक आहे, मुलीने सोडू नये. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या मुलींना हेच सांगितलं, जराशा अभिमानाने.

त्याच हिवाळ्यात काकू रिटायर झाल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ग्रॅच्युइटी, फंड, सगळं एकदम हातात आलं. रिटायर झाल्यावर क्वार्टर काही महिन्यांत सोडावं लागतं, हे इथे सगळ्यांना माहीत असतं, तरी प्रत्येकाला ते आपल्यावर आल्यावरच खरं वाटतं. काकूंनी गाझियाबादच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट बुक केला होता. बिल्डर उन्हाळ्यात ताबा देणार होता, तेव्हा उरलेले पैसे द्यायचे होते. तोपर्यंत ते कुठेतरी ठेवायचे होते.

रविवारी बुद्धवंदनेनंतर विहाराच्या हॉलमध्ये चहा असायचा. तिथे काकूंनी बाबांना गाठलंच. "भाऊ, आता तुमच्याशिवाय कुणाला विचारू? आपल्या सहकारी बँकेत ठेवू का? पाव-अर्धा टक्का जास्त देतात."

बाबा हसले. "ताई, मला नका विचारू. मी सांगितलं तर तो सल्ला राहत नाही, बातमी होते."

"बघा! बँकेचा माणूस शेजारी आणि आम्ही पोपटवाल्याला विचारायचं का?"

पुन्हा सगळे हसले. बाबाही. मग ते चप्पल शोधायला बाहेर गेले.

काकूंनी मोर्चा माझ्याकडे वळवला. चार दिवसांनी मी ऑफिसातून आले, तर त्या जिन्यातच उभ्या होत्या. हातात मेथीची जुडी. "बेटा, तुझा पगार कुठे जमा होतो गं? तिथेच ना?"

"आले हं," म्हटलं. वर गेले. बाबा बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते. मी त्यांना म्हटलं, "काकू विचारतायत माझं खातं कुठे आहे. त्यांना पैसे ठेवायचेत. काय सांगू?"

बाबांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली. पुन्हा उलगडली, नीट घातली.

"जे खरं आहे ते सांग," ते म्हणाले. "तुझं खातं तिथे आहे. एवढंच."

मी खाली जाऊन सांगितलं. "हो काकू, तिथेच आहे. मी काढणार होते, पण बाबा म्हणाले राहू दे."

ही दुसरी ओळ माझी होती. मला कुणी ती सांगायला सांगितलं नव्हतं. मी एरवी एवढंही बोलत नाही. काकूंचा चेहरा इतका मोकळा झाला, की मला उगाचच आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "बस्स. मला तुझ्या बापाचं सर्टिफिकेट नको, एवढं बस्स." अर्धी मेथी मला दिली.

मार्चमधल्या एका सकाळी मी डबा भरत होते, तर बाबा स्वयंपाकघरात आले. ते कधी त्या वेळी तिथे येत नाहीत. त्यांनी पाचशेच्या काही नोटा माझ्या डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवल्या.

"हे कशाला?"

"असू दे. मेट्रो कार्ड भरून घे."

"फोनवरून भरते ना मी."

"असू दे," म्हणाले, आणि पेपर घेऊन बाहेर गेले.

त्या दिवशी संध्याकाळी येताना मी सरोजिनीत उतरले. आईसाठी एक सुती कुर्ता घ्यायचा होता. दुकानदाराने कोड पुढे केला, मी स्कॅन केला, फेल. पुन्हा केला, पुन्हा फेल. "मॅडम, आपके बैंक का है," तो म्हणाला. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. अ‍ॅप तसंच होतं. पिशवीतली पाचशेची नोट काढून दिली आणि बाबांना धन्यवाद म्हटलं, मनातल्या मनात.

पडद्यांच्या दुकानापाशी गर्दी दिसली. वरच्या बँकेचं शटर खाली होतं. त्यावर इंग्रजी आणि हिंदीत छापलेला कागद. लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाचत होते. कुणी फोनवर ओरडत होतं, कुणी कॅशियरचं नाव घेऊन शिव्या देत होतं. काकू पायरीजवळ उभ्या होत्या. कुणीतरी घरी कळवलं म्हणून तशाच आल्या होत्या, पायात घरातल्या स्लिपर. मला बघून त्यांनी माझा दंड धरला.

"तू इंग्लिश मीडियमची ना? वाच. हिंदीत लिहिलंय ते मला समजतंय, पण तसं नसेल. इंग्रजीत बघ काय आहे."

मी वाचलं. बाबांच्या मोठ्या बँकेचे निर्देश होते. आजच्या कामकाजानंतर या बँकेने नवीन कर्जं द्यायची नाहीत, ठेवी घ्यायच्या नाहीत. खातेदारांना एक छोटी ठरावीक रक्कमच काढता येईल. याचा अर्थ बँकेचा परवाना रद्द झाला असा घेऊ नये. इंग्रजी अगदी स्वच्छ होतं. एकही शब्द जास्त नाही. घरातलं कुणीतरी बोलतंय असं वाटलं.

"काकू, हिंदीत आहे तेच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सध्या काढता येणार नाहीत."

"सध्या म्हणजे कधीपर्यंत?"

कागदावर ते लिहिलं होतं, पण मुदत वाढू शकते असंही लिहिलं होतं. मी फक्त "माहीत नाही" म्हटलं. त्यांच्या पकडीत माझा दंड दुखत होता आणि दुसऱ्या हातात ती पिशवी होती, बाहेरच्या कप्प्यात उरलेल्या नोटा असलेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

घरी आले तेव्हा बाबा आधीच आलेले होते. कपडे बदलून, चहाचा कप धुऊन झालेला. आई माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. मी पिशवीतून नोटा काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मी तुला सांगू शकत नाही. आजही नाही."

"काकूंनी ठेवले तेव्हासुद्धा?"

बाबा खुर्चीवर बसले. मला वाटलं रागावतील, पण ते अगदी समजावण्याच्या सुरात बोलले, नववीच्या प्रोजेक्टच्या वेळी बोलले होते तसे.

"मी ताईंना नको म्हटलं असतं, तर ताईंनी आणखी पाच जणींना सांगितलं असतं. सांगितलंच असतं, आपली माणसं म्हणून. दोन दिवसांत त्या जिन्यावर रांग लागली असती. पुढे जे उभे राहिले त्यांना सगळं मिळालं असतं आणि मागच्यांना काहीच नाही. आता निदान सगळे एका जागी थांबलेत. बँक कुणीतरी मोठी घेईल, किंवा विम्यातून काही मिळेल. आम्ही रांगेतल्या शेवटच्या माणसासाठी काम करतो."

"आणि माझं खातं?"

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"मी काढणार होते. तुम्ही राहू दे म्हणालात."

"तपासणी चालू असताना माझ्या मुलीने खातं बंद केलं असतं, तर तो कॅशियर काय समजला असता? अर्धी कॉलनी काय समजली असती? तेही बोलणंच झालं."

"मग ते उघडं राहिलं, हे बोलणं नव्हतं?"

"तू खोटं सांगितलं नाहीस. मीही तुला खोटं सांगायला लावलं नाही."

आतापर्यंत मी त्यांच्या गप्प राहण्याला सचोटी समजत आले होते. तीस वर्षांत त्यांनी कुणाकडून दिवाळीचा डबासुद्धा घेतला नव्हता, हे मला माहीत आहे. त्या संध्याकाळीही त्यांचं म्हणणं मला समजत होतं. एकेक वाक्य बरोबर होतं. फक्त त्या बरोबर वाक्यांमध्ये कुठेतरी मला पाटीसारखं टांगलं होतं, जिन्यात, काकूंना दिसेल असं.

मी टेबलावरच्या नोटांकडे बोट केलं. "आणि हे? हे नियमात बसतं?"

बाबांनी नोटांकडे पाहिलं.

"बाप आहे मी," ते म्हणाले.

मला वाटतं, ते असं म्हणाले नसते तर पुढे कधीतरी मी त्यांच्या बाजूने विचार करू शकले असते. तोंड बंद ठेवायचंच अशी शपथ असेल, तर असू दे, ती माझ्या बाबतीतही तेवढीच पाळली गेली असती. पण भिंतीत एक फट होती आणि ती त्यांना माहीत होती. तिच्यातून आमच्या घरापुरतं काहीतरी सरकवता येत होतं. खालच्या मजल्यापर्यंत ते पोचत नव्हतं.

काकूंचा फ्लॅट गेला. बिल्डरने एकदा मुदत वाढवली, मग बुकिंगचे पैसे कापून दुसऱ्याला दिला. क्वार्टर सोडायची नोटीस आली. आई रोज ऑफिसला एकटी ऑटोने जायची आणि येताना काकूंकडे थांबायची, बांधाबांध करायला. बाबा एकदाही खाली गेले नाहीत. काकूंनीही बाल्कनीतून हाक मारणं बंद केलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे किती कांदे आले, यावर कुणीच काही बोललं नाही.

नागपूरला भावाकडे जायच्या आदल्या दिवशी काकू वर आल्या. कढीपत्त्याची कुंडी घेऊन. आईला म्हणाल्या, "गाडीत नेता येत नाही, तुला ठेव." मग मला खिडकीपाशी बोलावलं.

"खरं सांग. तुला माहीत होतं?"

"नाही काकू."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझं तोंड बंद असतं, तेव्हा ते कशासाठी बंद आहे हे समोरच्याला कळत नाही. लहानपणी मला ते सुरक्षित वाटायचं. त्या दिवशी मला काहीतरी करून चेहऱ्यावर सगळं आणता आलं असतं तर बरं झालं असतं.

"हं," काकू म्हणाल्या. "म्हणजे तुलाही नाही सांगितलं." आणि माझ्या पाठीवर थोपटलं, जणू नुकसान माझंच जास्त झालंय.

दीड-दोन वर्षं गेली. मी नवीन खातं ऑनलाइन उघडलं. कुठल्या बँकेत, ते बाबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. मग एका सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी घडी घातलेला पेपर होता. आतल्या पानावर एक छोटी बातमी: त्या सहकारी बँकेचं एका मोठ्या बँकेत विलीनीकरण, खातेदारांच्या सगळ्या ठेवी सुरक्षित. बाबा आत दाढी करत होते. मी बातमी वाचली, घडी होती तशी घातली आणि पेपर त्यांच्या जागेवर ठेवला. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, शेवटच्या माणसापर्यंत. त्यांना मी ते म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. तेवढं मी त्यांच्याकडूनच शिकले आहे.

गेल्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, काकूंचा फोन आला. बाबा समोरच ताटात मटार सोलत होते. काकूंचा आवाज मुळात मोठा, तो फोनबाहेर येत होता.

"बेटा, आले गं पैसे! सगळे आले. आता इथे फ्लॅटचं बघतेय, भावाच्या घराजवळच. दिल्लीचं काही जमायचं नाही आता, भाव कुठे गेलेत! बरं, तोवर ठेवू कुठे? तुझं खातं कुठे असतं सध्या?"

बाबांच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली होती.

"काकू," मी म्हटलं, "माझ्या खात्यावरून नका ठरवू."

"मग कशावरून ठरवू? मला ते ताळेबंद-बिळेबंद थोडेच वाचता येतात? मला माणसं कळतात." आवाज जरा खाली आला. "कळायची. भाऊ आहेत का घरी? दे त्यांना."

मी फोन पुढे केला. बाबांनी हात पंच्याला पुसले, दोन्ही हात, नीट, आणि घेतला. "जय भीम, ताई." त्यांनी नागपुरात उकाडा कसा आहे ते विचारलं. भावाची तब्येत विचारली. मग बराच वेळ ऐकत राहिले. काकू काय विचारत होत्या ते मला ऐकू येत होतं. तेच विचारत होत्या.

माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही, ताई."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. जुना, बाल्कनीतला नव्हे, छोटा. बाबांनी फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला, तोवर काकूंनी ठेवला होता.

बाबांनी ती अर्धी उघडलेली शेंग पुन्हा हातात घेतली.